वाघ दिसला का?

पूर्वी माणूस सुट्टीवरून परत आला, की लोक त्याला "हवा कशी होती?", "पोट बरं राहिलं ना?" असे माणुसकीचे प्रश्न विचारत. महाबळेश्वरहून आलेल्याकडे स्ट्रॉबेरी आणि काशीहून आलेल्याकडे गंगाजल मागितलं, की त्याचं प्रवासवर्णन संपत असे. हल्ली आमची निम्मी शाखा उन्हाळ्यात जंगलात जाते, आणि परत आलेल्याला प्रश्न एकच असतो: "दिसला का?" कोण, हे सांगावं लागत नाही. मुलगी पाहून आलेल्याला "पसंत आहे का?" असं विचारताना कुणाबद्दल चाललंय हे सांगावं लागत नाही, तसंच.

"नाही" असं उत्तर देणाऱ्याच्या वाट्याला जी सहानुभूती येते, ती मी आजवर फक्त प्रमोशन हुकलेल्यांच्या वाट्याला आलेली पाहिली आहे. लोक पाठीवर हात ठेवून "होईल, होईल, पुढच्या वेळी होईल," म्हणतात. मग तो बिचारा काकुळतीला येऊन सांगू लागतो, की गवे दिसले, अस्वल दिसलं, सर्पगरुड तर अगदी हाताच्या अंतरावर होता, आणि रानकुत्र्यांची अख्खी टोळी रस्ता ओलांडून गेली. आता रानकुत्रा हा वाघाइतकाच संकटात सापडलेला प्राणी. पण ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, तो मुलगा गणितात नापास झाला पण चित्रकलेत त्याला चांगले मार्क आहेत असं ऐकल्यावर उमटतो तोच. आमच्या एका सहकाऱ्याने तर चार सफाऱ्या कोरड्या गेल्यावर परतीच्या वाटेवर नागपूरला महाराजबागेत गाडी थांबवली. "दिसला," एवढंच तो सोमवारी म्हणाला. तपशिलात शिरला नाही.

या सगळ्या प्रकारात एक प्रश्न मात्र कुणी विचारताना दिसत नाही. वाघाने आपल्याला दिसलं पाहिजे, हे ठरलं कधी?

हा प्रश्न माझ्या डोक्यात येण्याचं कारण पूर्णपणे धंदेवाईक आहे. मी एकवीस वर्षं काउंटरवर बसतो आहे. काचेच्या पलीकडे रांग असते आणि रांगेतला प्रत्येक मनुष्य माझ्याकडे टक लावून पाहत असतो. मी पाणी प्यालो, की पाहतात. जांभई दिली, की एकमेकांना खुणेने दाखवतात. दुपारी डबा उघडला, की पहिल्या दोन नंबरांचे डोळे सरळ भाजीवर येतात. आणि मी जागेवर नसलो, म्हणजे तर जाणकार ग्राहक माझा माग काढू लागतात. "चष्म्याचं घर टेबलावर आहे, म्हणजे लांब गेलेले नाहीत." "कपात चहा आहे, पण साय धरलीय. दहा मिनिटं तरी झाली असतील." आमचा शिपाई हा त्यांचा गाईड. तो तोंडातली सुपारी न हलवता गेली वीस वर्षं एकच वाक्य सांगतो आहे: "आत्ताच इथं होते."

ताडोब्यात पहिल्या सफारीत गाईडने पाणवठ्याशी जिप्सी थांबवून हलक्या आवाजात सांगितलं, "साहेब, कालच इथं बसला होता." तेव्हा माझ्या अंगावर जो काटा आला, तो वाघाच्या भीतीने आलेला नव्हता.

पण माझ्यात आणि वाघात एक मूलभूत फरक आहे. मला नेमणुकीचं पत्र मिळालेलं आहे. दहा ते पाच मी दिसेन, असं मी लिहून दिलेलं आहे आणि त्याबद्दल पगार घेतो आहे. पासबुक घेऊन आलेला मनुष्य "कुठे गेलेत हे?" म्हणून ओरडला, तर तो त्याचा हक्कच आहे. वाघाने असलं काहीही लिहून दिलेलं नाही. जिप्सीचे पैसे आपण भरतो, गाईडचे भरतो, प्रवेशाचे भरतो. पण त्या पावतीवर वाघाची सही कुठेच नसते. तरीसुद्धा संध्याकाळी गेटवर परत आलेल्या मंडळींचे चेहरे पाहा. एखाद्याने धनादेश न वटवता परत पाठवावा, तसे ते दिसतात.

ताडोबा हे महाराष्ट्रातलं सगळ्यांत जुनं राष्ट्रीय उद्यान. १९५५ साली ते झालं तेव्हा महाराष्ट्र राज्य जन्मायचं होतं आणि चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. म्हणजे हे वाघ महाराष्ट्रात आले नाहीत, महाराष्ट्रच त्यांच्याकडे गेला, हे जरा लक्षात ठेवलेलं बरं. त्याआधीच्या पिढीतले साहेबलोक आणि संस्थानिक वाघ दिसला की गोळी घालत आणि त्याचं मुंडकं दिवाणखान्यात लावत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं. आता वाघ दिसला की आपण फोटो घालतो आणि त्याचं मुंडकं मोबाइलच्या स्टेटसला लावतो. चोवीस तासांनी ते आपोआप उतरतं. प्रगतीच म्हणायची.

थट्टा बाजूला ठेवू. आपण पाहायला जातो म्हणूनच वाघ वाचतो, असं सांगणारे लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. २००६ च्या गणतीत देशात १४११ वाघ निघाले होते. २०२२ च्या गणतीत हा आकडा सरासरीने ३६८२ वर गेला, त्यांतले ४४४ महाराष्ट्रात. हे काही फक्त जिप्सींमुळे झालं नाही, पण गावातल्या मुलांना गाईड म्हणून काम मिळालं, मुलीही गाईड झाल्या, चोरट्या शिकाऱ्याच्या वाटेवर चार डोळे वाढले, हे खरंच आहे. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन थांबवलं होतं. ऑक्टोबरात बंदी उठली ती नियमांसकट, त्यांतला एक असा की गाभ्याच्या वीस टक्क्यांपलीकडे पर्यटकांनी जायचं नाही. म्हणजे वाघाच्या घरात आपल्याला ओसरी मिळाली, माजघर नाही. व्यवहार वाजवी वाटतो.

पण मी कॉमर्सचा पदवीधर. जमेची बाजू कुणी फार खड्या आवाजात वाचून दाखवू लागला, की माझी नजर आपोआप नावेच्या रकान्याकडे जाते. तो रकाना कोरा नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण तिच्या पाच बछड्यांना घेऊन रस्त्यावर आली, आणि पुढूनही जिप्सी, मागूनही जिप्सी अशी तिची कोंडी झाली. वाघिणीचं सरकारी नाव एफ-२. त्या कोंडीची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली. जिप्सीचालक आणि गाईड निलंबित झाले, त्यांना दंड झाले. योग्यच झालं. पण जिप्सी वाघिणीला आडवी घालण्याचा चालकाला छंद असतो का हो? मागच्या बाकावरून "अजून थोडी पुढे घ्या ना, बघू तुमच्याकडे" असं म्हणणारा आवाज कुणाचा असतो? "बघू तुमच्याकडे" या दोन शब्दांचा दर ठरलेला असतो आणि तो गेट सुटल्यावर हातात पडतो. या शब्दांसाठी कुठलं कलम आहे, ते मात्र माझ्या वाचनात आलेलं नाही.

पक्षी पाहणारे लोक स्वतःला आम्हा वाघवाल्यांपेक्षा सोवळे समजतात. त्यांच्यासाठी भिगवणची गोष्ट सांगतो. भीमेवर उजनीचं धरण १९८० साली झालं, गावं पाण्याखाली गेली, आणि फुगवट्याच्या उथळ चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी येऊ लागले. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्या मुलखात आता आपण निसर्ग पाहायला जातो, हे एक असो. होडीवाला मासेमारी करणाराच असतो. रोहित पक्षी हा अतिशय शांतपणे जेवणारा प्राणी आहे. चोच उलटी करून चिखल गाळत तो तासन्‌तास उभा असतो. पण उभ्या रोहिताचा फोटो कुणाला नको असतो, कारण पंखांच्या आतला तो प्रसिद्ध गुलाबी रंग उडाल्याशिवाय दिसत नाही. म्हणून होडीवाला अदबीने विचारतो, "उडवू का?" आमच्या होडीत तेव्हा तीन मिनिटं स्मशानशांतता पसरली होती. सगळ्यांना ते उडायला हवे होते आणि "उडवा" म्हणणारा आपण असू नये असंही सगळ्यांना वाटत होतं. शेवटी दुसऱ्याच एका होडीने ते उडवले, आणि आमच्या होडीतल्या सर्वांनी त्या लोकांचा तीव्र निषेध करत भराभर फोटो काढले.

सोलापूरजवळच्या नान्नजला तर ही सोयही राहिली नाही. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. आता तिथे माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. पाटीवर काढलेला माळढोक मात्र बाराही महिने दिसतो.

मराठीत 'पाहणं' आणि 'दिसणं' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि आपले पूर्वज विचारी होते असं मला यावरून वाटतं. 'मी वाघ पाहिला' यात सगळा पराक्रम माझा. पण तसं कुणी म्हणतच नाही. 'मला वाघ दिसला' असंच म्हणतात. या वाक्यात काम वाघ करतो. मी नुसता 'मला' होऊन कोपऱ्यात उभा असतो. व्याकरणाने ही गोष्ट वाघाच्या मर्जीवर सोडली आहे आणि ती बुकिंगवर आहे असं आपण समजतो.

यालाच आपल्याकडे दर्शन म्हणत आले आहेत, आणि दर्शनात हट्ट नसतो. पंढरपुरात रांग फार लांब असली, की माणूस कळसाला हात जोडतो, नामदेवाच्या पायरीला डोकं टेकतो आणि परत फिरतो. "विठोबा दिसला नाही, पैसे परत करा," असं म्हणाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. त्या हिशेबाने वाळूत उमटलेला पंजा हे कळसदर्शन झालं. मी हे जिप्सीत बोलून दाखवलं, तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढ्या पैशांत पंढरपूरला चार वेळा झालं असतं." त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, म्हणून मी विषय वाढवला नाही.

पण जे लोक वाघाला खरोखरच देव मानतात, त्यांच्याकडे दर्शनाचा प्रकार नेमका उलटा आहे. ठाणे-पालघरकडचे वारली वाघोबाला पुजतात. लाकडावर नाहीतर दगडावर वाघ कोरलेला असतो, वर चंद्र-सूर्य असतात. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस होते. आणि मागणं काय, तर बाबा, आमच्या वाटेला येऊ नकोस. जगाच्या पाठीवर बहुधा हा एकच देव असेल, ज्याचे भक्त त्याने दर्शन देऊ नये म्हणून नारळ फोडतात. ताडोबा हे नावसुद्धा तारू या गोंडांच्या देवावरून आलं. तारू हा गावचा प्रमुख; वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे.

हे मला आमच्या गाईडने सांगितलं. पंचविशीचा मुलगा, बफरमधल्या गावातला. मी त्याला शहरी माणूस विचारतो तसा विचारलं, "तुम्ही आतापर्यंत किती वेळा वाघ पाहिलात?"

तो म्हणाला, "ड्युटीवरचे का घरचे?"

ड्युटीवरचे त्याने मोजले नव्हते. घरचे दोन. एकदा गोठ्याच्या मागे, एकदा आईसोबत सरपणाला गेला होता तेव्हा. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "आमच्या घरी गंमत आहे साहेब. मी रोज सकाळी तारूबाबाले म्हणतो, आज दिसू दे. आई रोज सकाळी त्यालेच म्हणते, आज दिसू नको देऊ. आता देवानं कोणाचं ऐकावं?"

मी एकवीस वर्षं बँकेत आहे. एकाच खात्यावर एकाच वेळी जमाही मागणारे आणि नावेही मागणारे लोक मी पाहिले आहेत. पण ते एका घरातले आणि दोघेही बरोबर, असं क्वचितच. आणि मुलाचं मागणं त्याचं स्वतःचं नव्हतं, ते माझं होतं. तो माझ्या वतीने देवापुढे उभा राहत होता.

मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीने मारल्या. ही बातमी आमच्याकडे आली तेव्हा आमच्या शाखेत ताडोब्याला जाऊन आलेल्या दोघांनी आपापले फोटो पुन्हा दाखवले. त्यात वाईट हेतू नव्हता. वाघाचा विषय निघाला होता, एवढंच.

आम्हाला वाघ दिसला तो तिसऱ्या सफारीत, एप्रिलात, बफरमध्ये, सकाळी साडेसहाला. आधी भेकर ओरडलं, मग वानर. चालकाने इंजिन बंद केलं. जिप्सीत आम्ही तिघं, एक नवपरिणित जोडपं आणि तोफेएवढी लेन्स लावलेले एक गृहस्थ. वाघ डावीकडच्या बांबूतून निघाला, रस्त्यावर आला आणि उजवीकडे नाल्यात उतरला. पाच-सहा सेकंद. आमच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मला त्याचं फार बरं वाटलं. का, ते नीट सांगता येणार नाही. रोज इतक्या लोकांच्या नजरा झेलणाऱ्याला त्यातली एकही परत न करण्याची ऐपत असावी, हे मला काउंटरवर कधी साधलेलं नाही.

लेन्सवाले गृहस्थ "नाल्याच्या पलीकडे घ्या, तिकडून निघेल तो!" असं ओरडत होते. गाईडही उठून उभा राहिला होता, पण तो वाघाकडे पाहत नव्हता. नाला पुढे वळतो तिथे मोहाची झाडं होती. एप्रिलातली सकाळ म्हणजे मोह वेचण्याची वेळ. फुलं पहाटे गळतात, आणि उजाडल्याबरोबर बायका टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेल्या असतात. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं म्हणतात. गाईडने चालकाच्या खांद्यावर थाप मारली आणि जिप्सी वळली.

"अहो, टायगर तिकडे आहे!" गृहस्थ म्हणाले.

"म्हणूनच साहेब," गाईड म्हणाला.

झाडाखाली सात बायका होत्या. गाईड दुरूनच ओरडला. त्या घाबरल्या नाहीत, किंचाळल्या नाहीत. कुठल्या अंगाला गेला ते विचारून घेतलं, अर्ध्या भरलेल्या टोपल्या उचलल्या आणि रस्त्यावर आल्या. मग त्या पुढे आणि आमची जिप्सी पहिल्या गिअरमध्ये मागे, अशी आमची वरात गावाच्या दिशेने निघाली. त्यांतली एक म्हातारी जिप्सीच्या बाजूने चालत होती. आमच्या टोप्या, दुर्बिणी, ती तोफ, सगळं तिने एकदा शांतपणे पाहून घेतलं. मग सौभाग्यवतींना विचारलं, "दिसला का जी तुमाले?"

"दिसला," ही म्हणाली.

"बरं झालं बाई," म्हातारी म्हणाली. "लई लांबून आले असान."

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. पण तो नव्हता.

हे सगळं होईपर्यंत पाऊण तास गेला आणि सफारीची वेळ संपत आली. गेटवर गृहस्थांनी तक्रारवही मागितली. वाघ समोर असताना गाईडने जिप्सी दुसरीकडे नेली, सबब पैसे वाया गेले, असं त्यांनी खाली सही करून लिहिलं. अक्षर फार सुंदर होतं. त्यांना मी वाईट माणूस म्हणणार नाही. परत जाताना त्यांनी माझ्या मुलाला आपल्या कॅमेऱ्यातून पक्षी दाखवले आणि डब्यातली नानकटाई दिली. पैसे भरून आलेल्या माणसाला आपण ग्राहक आहोत असंच वाटतं आणि ग्राहकाला जगातलं सगळं काउंटरच्या पलीकडचं दिसतं. वाघ तिकडचा, आणि म्हातारीही तिकडचीच.

मी गाईडला बाजूला घेऊन पाकिटातून जे निघालं ते दिलं. त्याने ते मोजलं, निम्मं चालकाला दिलं आणि वही गेटच्या खिडकीत परत ठेवली. तक्रार त्याने वाचली होती, पण त्यावर काही बोलला नाही.

"उद्याची बुक केली का साहेब?" त्याने विचारलं. "सकाळची घ्या. सकाळी चान्स चांगला आहे."

मी म्हटलं, "आई उद्या जाणार का मोहाला?"

"मोहाचे पंधरा-वीस दिस असते साहेब," तो म्हणाला. "जावंच लागते."